खोट्या मेसेजवर प्रबंध करताय? आधी खरे मेसेज गोळा करा

सोशल मीडियावरच्या खोट्या माहितीवर प्रबंध करायचाय, असं म्हणणारी मुलं-मुली आता यवतमाळ, वाशीम, बुलढाण्याकडूनही भेटतात. मिसइन्फर्मेशन (नकळत पसरलेली खोटी माहिती) आणि डिसइन्फर्मेशन (मुद्दाम पसरवलेली) यांतला फरक तुम्ही वाचलेला असणारच, नमुना निवड म्हणजे कुणाकुणाला विचारायचं हे ठरवणंही शिकला असाल. त्यात वेळ घालवत नाही. प्रश्नावलीबद्दल बोलते, कारण माझं रक्त तिथेच आटलं.

माझ्या पहिल्या प्रश्नावलीत सगळे मेसेज खोटे होते. विषयच खोट्याचा, मग खरे कशाला? पीएम किसानच्या नावाची एपीके फाइल (फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल), मुलं पळवणारी टोळी, लस घेतली की मूल होत नाही, वगैरे. दारव्हा तालुक्यातल्या एका गावात खोटे मेसेज ओळखण्याचं प्रशिक्षण दिलं, लोक किती खोटे पकडतात ते आधी आणि नंतर मोजलं. आकडे असे देखणे आले की गाइड खूश. मग पारावर बसलेले एक आजोबा म्हणाले, "सारंच खोटं रायते ना मॅडम मोबाइलातलं."

झालं. लोक खऱ्या-खोट्याची पारख करायला शिकलेच नव्हते, मॅडमला 'खोटं' ऐकायचंय एवढं मात्र त्यांना बरोबर कळलं होतं.

हे नीट समजून घ्या, पुन्हा सांगते. पाच खोटे आणि पाच खरे मेसेज ठेवा. समजा, प्रशिक्षणाआधी माणसाने पाचपैकी दोन खोटे पकडले आणि नंतर पाचही पकडले. टाळ्या! पण आधी त्याला चार खरे मेसेज खरे वाटत होते आणि आता एकच वाटतो. म्हणजे खोट्यात तीन कमावले, खऱ्यात तीन गमावले. पारख होती तिथेच आहे, फक्त संशय वाढला. आणि हाच माणूस उद्या गुलाबी बोंडअळीबद्दल कृषी विभागाने पाठवलेला खरा इशाराही उडवून लावेल. नुसते खोटे मेसेज ठेवले तर हे नुकसान तुम्हाला दिसतसुद्धा नाही.

खरे मेसेजही दचकवणारे हवेत. जून 2020 मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं, तो फोटो ठेवून बघा. एडिट केलेला वाटतो, पण खरा आहे. पाण्याचा खारटपणा वाढला आणि अशाच पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता. भेंडवळच्या घटमांडणीचं, म्हणजे पाऊस-पिकांबद्दल दरवर्षी केलं जाणारं भाकीत मात्र ठेवू नका. अक्षय्य तृतीयेला मांडणी होते ही बातमी खरी, भाकिताला शास्त्रीय आधार नाही. मग समोरच्याने टिक नेमकी कशाला केली?

प्रशिक्षणाचा परिणाम शून्य आला तर रडू नका. संशोधक अँड्र्यू गेस आणि सहकाऱ्यांचा अशाच प्रशिक्षणावरचा 2020 चा अभ्यास बघा. भारतातल्या उच्चशिक्षित, ऑनलाइन लोकांमध्ये पारख सुधारली, उत्तर भारतातल्या ग्रामीण भागात परिणाम दिसला नाही. संशोधक सुमित्रा बद्रीनाथन यांनी बिहारमध्ये 1,224 लोकांवर प्रयोग केला. घरी जाऊन तासाभराचं प्रशिक्षण दिलं, तरी एकूण फरक पडला नाही. तो अभ्यास 2021 मध्ये नामांकित नियतकालिकात छापून आला. 'फरक आलाच पाहिजे' म्हणणारा गाइड असेल तर, जमत असेल तर, गाइड बदला. माझं हे मत विभागात कुणाला आवडत नाही.

गूगल फॉर्मचा शॉर्टकटही नको. फॉर्म भरणारा भाचा आणि पुतण्या म्हणजे गाव नव्हे. बऱ्याच घरांत फोन नवऱ्याचा किंवा पोराचा असतो. 'व्हॉट्सॲप वापरता का?' याला बाई 'नाही' म्हणते, पण पोराने वाजवलेला व्हॉइस मेसेज तिने ऐकलेला असतो आणि निंदणाला गेल्यावर चौघींना सांगितलेलाही असतो. म्हणून 'मोबाइलातलं काय काय कानावर आलं?' असं विचारा. हे जमतं, काळजी करू नका. दोन-तीन घरं झाली की जीभ वळते. फक्त सोयाबीन सोंगणीत आणि कापूस वेचणीत दुपारी जाऊ नका, घराला कुलूप असतं.

एका बाबतीत मात्र कुचराई नको. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारलं. तुम्हीही गावात खांद्याला पिशवी लावून घरोघरी फिरणारे अनोळखीच आहात. आधी सरपंच आणि पोलीस पाटलांना भेटा, आशाताईंना सोबत घ्या, लहान मुलांशी एकटं बोलत उभे राहू नका. उठण्याआधी प्रत्येक खोटा मेसेज खोटा का आहे ते सांगा आणि कागद मोजून परत घ्या. नाहीतर 'मॅडमच्या कागदावर होतं' या दाखल्यासकट तोच मेसेज शेजारच्या गावात पोहोचतो, आणि तिथला तुमचा नमुनाही गेला.