हिरड्यानं पोट साफ होतं का, हे नीट तपासायचं असेल तर

आमच्या जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात हिरड्याची कमी नाही आणि सल्ल्यांची तर मुळीच नाही. पण हिरडा सुरू करणारा माणूस त्याच दिवसापासून कोमट पाणी प्यायला लागतो, रात्री लवकर जेवतो, वडापाव सोडतो. मग पोट साफ झालं की श्रेय एकट्या हिरड्याला! तसं करायचं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची.

आधी माल ओळखा. पोटासाठी सुरवारी हिरडा, म्हणजे पक्व फळ घ्या. सुकल्यावर त्याच्या अंगावर पाच उठावदार कंगोरे दिसतात. बेहेडा गोलसर असतो. आठळी धरण्याआधीचा काळा बाळहिरडा यात मिसळू नका. फळ फोडून आठळी टाका, वरचं साल दगडी खलात कुटून वस्त्रगाळ करा. लोखंडी खल नको. ओल लागली की हिरड्यातलं टॅनिन लोखंडाशी मिळून चूर्ण काळं पडतं. गंमत म्हणून चिमूटभर चूर्ण पाण्यात कालवून त्यात गंजक्या खिळ्याच्या पाण्याचा थेंब टाका, शाई होते. यावरून टॅनिन आहे एवढंच कळतं. आवळाही असाच काळा होतो.

पहिला आठवडा काहीच घ्यायचं नाही, फक्त वही. शौचाची वेळ, जोर करावा लागला का, आणि शौचाचा प्रकार. प्रकारासाठी ब्रिस्टल तक्ता वापरा. त्यात सात प्रकार आहेत: पहिला शेळीच्या लेंड्यांसारखा, तिसरा-चौथा ठीक, सातवा निव्वळ पाणी. लाजू नका, वही तुमचीच आहे. एका संध्याकाळी मक्याचं कणीस खा, दाणे फार चावू नका, आणि ते बाहेर दिसेपर्यंतचे तास लिहा.

पुढं दोन आठवडे कॅप्सूल. हिरड्याचा तुरटपणा जिभेला लगेच कळतो, म्हणून चूर्ण रिकाम्या कॅप्सूलमध्ये भरायचं. काहींत चूर्ण, काहींत कणीक. भरायचं काम घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी सांगा. त्यांनी डब्यांवर ‘क’ आणि ‘ख’ लिहावं आणि उत्तर स्वतःजवळ ठेवावं. एक आठवडा एक डबा, मग चार-पाच दिवस सुट्टी, मग दुसरा. चूर्ण रोज रात्री एक ग्रॅमच्या आसपास. ग्रंथांतली मात्रा याहून जास्त आहे, पण आपल्याला जुलाब नकोत, फरक बघायचाय. दोन्ही आठवड्यांत मका एकेकदा पुन्हा खा.

डब्यांचं गुपित उघडण्याआधी वहीतून स्वतः ठरवा, कुठल्या आठवड्यात बरं होतं. फरक अर्ध्या दिवसाचा असेल तर त्याला फार महत्त्व देऊ नका. मक्याचे तास असेही मागेपुढे होतात. ठळक फरक दिसला तर डबे अदलाबदल करून पुन्हा एकदा बघा.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायका, लहान मुलं, मधुमेहाच्या किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेले यांनी हे प्रयोग करू नयेत. शौचातून रक्त गेलं, वजन उतरायला लागलं किंवा पोटात कळा आल्या, तर वही मिटून थेट डॉक्टरकडे जा.