जुन्या ओम्नीचं चार्जिंग मधूनच जातंय? बॅटरी बदलण्याआधी हे तपासा

ठाण्यातल्या माजिवड्याच्या सिग्नलला गाडी उभी राहिली की हेडलाइट मंदावतात, रेस दिली की पुन्हा उजळतात. डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा कधी मिणमिणतो, कधी आठवडाभर दिसतही नाही. गॅरेजात नेली की सगळं ठणठणीत! घोडबंदर रोडवर शाळेची मुलं ने-आण करणाऱ्या किंवा वाशी मार्केटमधून भाजी भरणाऱ्या जुन्या ओम्नीवाल्यांना हे दुखणं पाठ असतं. अशा वेळी सल्ला ठरलेला असतो, ‘नवी बॅटरी टाका’. पण चार्जिंगच नीट होत नसेल तर नवी बॅटरीही उतरणारच. असा लपाछपी खेळणारा बिघाड बऱ्याचदा एखाद्या सैल किंवा गंजलेल्या जोडात असतो, आणि तो सापडतो मीटर लावूनच.

साधा डिजिटल मल्टिमीटर, १० नंबरचा पाना, तारेचा ब्रश आणि खाण्याचा सोडा एवढं जवळ ठेवा.

आधी गाडीची नेहमीची तब्येत बघा. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी, १२.२ म्हणजे निम्मी रिकामी. गाडी चालू करून थोडी रेस दिल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. हेडलाइट, ब्लोअर, वायपर लावूनही आकडा १३.५ च्या खाली जाऊ नये. १५ च्या वर गेला तर चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडलाय, गाडी तशीच चालवू नका. हीच मोजणी गाडी तासभर चालवून, तापल्यावर पुन्हा करा. तापल्यावर दोन-तीन दशांश कमी होणं स्वाभाविक आहे, त्यानं घाबरू नका.

इंजिन बंद करून फॅन बेल्ट अंगठ्यानं दाबा. साधारण सेंटिमीटरभर दबला तर ठीक. आतली बाजू काचेसारखी चमकत असेल किंवा पावसात चिरकत असेल तर बेल्ट घसरतोय.

आता जोड. इथे घाई करू नका, कारण खाडीकाठच्या खारट, दमट हवेत आपल्याकडच्या गाड्यांचं खरं नुकसान इथेच होतं. टर्मिनल पानानं घट्ट केलेलं असतं, तरी हातानं पिळलं की किंचित फिरतं. वायर वरून काळीभोर, धडधाकट दिसते. पण लगजवळ, म्हणजे टोकाच्या धातूच्या कडीजवळ, ती फुगलेली वाटली आणि आवरण जरा मागे सारलं, तर आत तांब्याऐवजी हिरवी भुकटी निघते. अशी वायर साफ करून भागत नाही, बदलावीच लागते. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर मात्र कोमट पाण्यात सोडा कालवून धुवा, ब्रशनं घासा, कोरडं करून घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीन लावा. काढताना आधी मायनस, लावताना मायनस शेवटी.

नजरेला न दिसणारा दोष मीटर दाखवतो. इंजिन चालू, हेडलाइट चालू. मीटरची लाल वायर अल्टरनेटरच्या (बेल्टवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राच्या) बी टर्मिनलवर, म्हणजे जिथून चार्जिंगचा करंट बाहेर पडतो तिथे, काळी बॅटरीच्या प्लसवर. ०.२ व्होल्टपर्यंत फरक चालतो. अर्धा व्होल्ट दिसला तर त्या वाटेतला एखादा जोड, वायर किंवा फ्यूज व्होल्टेज खातोय. मीटरचं टोक एकेक जोड पुढे सरकवत गेलात की तो सापडतो. मग अल्टरनेटरच्या बॉडीपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत तसंच मोजा, म्हणजे अर्थिंग कळेल. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली, म्हणून सीट उचलून काम करताना ओढणी, सैल बाही, हातातलं कडं बेल्टपासून लांब ठेवा.

इग्निशन चालू, इंजिन बंद असताना बॅटरीचा दिवा लागतो का तेही बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला जागं करणारा करंट याच बल्बमधून जातो. बल्ब गेला की चार्जिंग सुरू व्हायला कुरकुर होते.

तरीही काही सापडलं नाही, तर छोटा डिजिटल व्होल्टमीटर एक अँपिअरच्या फ्यूजमधून थेट बॅटरीला जोडा आणि डॅशबोर्डवर चिकटवा. संध्याकाळच्या गर्दीत गायमुख ते कापूरबावडी जा. आकडा कधी पडतो ते शेजारी बसलेल्याला लिहायला सांगा. खड्ड्यात पडला तर जोड सैल आहे. फक्त गाडी तापल्यावर पडत असेल तर रेग्युलेटर किंवा अल्टरनेटरमधले झिजलेले कार्बन ब्रश. पावसात पडला तर बेल्टवर संशय घ्या. आयडलिंगलाच पडत असेल तर बेल्ट, कार्बन ब्रश किंवा डायोड (अल्टरनेटरमधल्या एसी करंटचा डीसी करणारा भाग). डायोड तपासायला मल्टिमीटर एसीवर ठेवून चालू गाडीच्या बॅटरीवर मोजा, अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर डायोड गेलाय.

ही टिपणं घेऊनच ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. अल्टरनेटर उघडायची वेळ आली तर ब्रश, रेग्युलेटर, स्लिप रिंग आणि बेअरिंग एकदमच बघायला सांगा. ‘डायनमो (म्हणजे अल्टरनेटरच) चालतोय का बघू’ म्हणत कुणी चालू इंजिनमध्ये बॅटरीचं टर्मिनल काढायला लागलं, तर त्याला थांबवा. त्या झटक्यानं चांगले डायोड जळतात, आणि फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटरही, जाऊ शकतो. काम झाल्यावर पैसे देण्याआधी सगळे दिवे लावून, इंजिन तापवून व्होल्टेज पुन्हा मोजून घ्या.