पायथनमध्ये ट्रू-फॉल्स कसं वापरायचं, आणि इफ कुठे फसवतं

पायथन मशीनवर टाकलेलं आहे, प्रिंट आणि इफ-एल्स एकदा तरी लिहून पाहिलंय, एवढं धरून चालतो. खाली कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिलाय. टाइप करताना इफ, ऑर, ट्रू हे शब्द आणि आकडे इंग्रजीतच टाका, आणि ट्रू, फॉल्स, नन ('काहीच नाही' दाखवणारी व्हॅल्यू) यांचं पहिलं अक्षर कॅपिटल ठेवा, नाहीतर नेम-एरर येतो. व्हेरिएबलची नावं मात्र पायथन ३ मध्ये देवनागरीत बिनधास्त चालतात.

आधी व्हॅल्यू ठेवा:

दिवा_चालू = ट्रू

कोट लावायचे नाहीत, झालं.

मग तुलनेतून बूलियन, म्हणजे ट्रू किंवा फॉल्स ही व्हॅल्यू, काढा. वय >= १८ याचं उत्तर मुळातच ट्रू किंवा फॉल्स असतं, त्यामुळे ते सरळ साठवता येतं:

सज्ञान = वय >= १८

एवढ्यासाठी चार ओळींचं इफ-एल्स लिहायला शिकवणारे भरपूर आहेत, त्यांचं ऐकू नका. पुढे वापरतानाही 'इफ सज्ञान == ट्रू' असं नको, 'इफ सज्ञान:' पुरे. इफमध्ये दोनऐवजी एकच बरोबरचं चिन्ह पडलं तर पायथन लगेच सिंटॅक्स एरर देऊन थांबतं, त्यामुळे त्या चुकीचा बाऊ करायची गरज नाही.

आता खरी अडचणीची जागा. मला बूलियनमध्ये सगळ्यात जास्त वेळ इथेच लागला, आणि नवशिक्यांचा कोड बघतो तेव्हा निम्म्या भानगडी इथल्याच निघतात. इफसमोर ट्रू किंवा फॉल्सच पाहिजे असा पायथनचा आग्रह नसतो, तुम्ही काहीही ठेवा, ते त्याचं खरं-खोटं स्वतः ठरवतं. शून्य, रिकामा मजकूर, रिकामी यादी, नन हे सगळं खोटं धरलं जातं, आणि आकडा, मजकूर किंवा यादी यात काहीतरी असलं की ते खरं. नियम एवढाच, पण तो लक्षात नसेल तर हे बघा काय होतं:

इफ उत्तर == 'हो' ऑर 'होय':

वाचायला एकदम बरोबर वाटतं ना? पण समोरच्याने 'नाही' टाइप केलं तरी हा इफ पास होतो, 'नको' टाइप केलं तरी होतो, काहीही टाका, होतोच. कारण पायथन आधी उत्तर == 'हो' तपासतं, ते खोटं निघालं की ऑरच्या उजवीकडे बघतं, आणि तिथे प्रश्नच नाहीये, नुसता 'होय' हा शब्द पडलाय, तो रिकामा नाही म्हणजे खरा. एरर येत नाही, लाल रेघ येत नाही, प्रोग्रॅम शांतपणे चुकीचं काम करत राहतो, म्हणून ही चूक सापडायला इतका वेळ जातो. माझा यावरचा नियम पक्का आहे: ऑर आणि अँडच्या दोन्ही बाजूंना पूर्ण प्रश्न लिहायचा.

इफ उत्तर == 'हो' ऑर उत्तर == 'होय':

पर्याय जास्त असतील तर 'इफ उत्तर इन ['हो', 'होय', 'चालेल']:' लिहा, आणि कंस चौकोनीच वापरा. गोल कंसात एकच शब्द ठेवून स्वल्पविराम विसरलात तर ती यादी राहत नाही, नुसता मजकूर उरतो, आणि मग 'हो' इन ('होय') हेसुद्धा ट्रू येतं कारण 'होय' या अक्षरांत 'हो' सापडतो. त्याहून वाईट म्हणजे नुसतं एंटर मारलं तरी ट्रू, कारण रिकामा मजकूर कुठल्याही मजकुरात सापडतोच.

याच नियमाची दुसरी शिकार म्हणजे बूल(इनपुट()), म्हणजे समोरच्याने टाइप केलेलं थेट बूलियनमध्ये बदलणं. हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. इनपुट नेहमी मजकूर देतं, त्यामुळे कोणी 'फॉल्स' असं टाइप केलं तरी बूल('फॉल्स') चं उत्तर ट्रू येतं, कारण बूल शब्दाचा अर्थ बघत नाही, तो रिकामा आहे की नाही एवढंच बघतो. सीएसव्ही फाइलमधून (स्वल्पविरामाने वेगळी केलेली माहिती असलेली साधी फाइल) साध्या पद्धतीने वाचलेल्या व्हॅल्यूंचंही तसंच. मजकुरावरून बूलियन पाहिजे तर तुलना करूनच घ्या: मान्य = उत्तर.स्ट्रिप() == 'हो'. स्ट्रिप मागचीपुढची स्पेस काढतं, ते सोडू नका.

आणि तिसरी, शून्याची. 'इफ गुण:' लिहून गुण भरलेत का हे तपासलं, तर ज्याला खरोखर शून्य मिळालेत त्याचे गुण भरलेच नाहीत असा निकाल लागतो. तिथे 'इफ गुण इज नॉट नन:' असंच पाहिजे. शून्य हे चालणारं उत्तर असेल तिथे आखूड इफ मी कधीच लिहू देत नाही.

बाकी सोपं आहे. नॉट आधी, मग अँड, मग ऑर असा क्रम लागतो, पण पाठ करत बसू नका, कंस टाका. नॉट (अ ऑर ब) उघडताना आतला ऑर बदलून अँड होतो, म्हणजे नॉट अ अँड नॉट ब. अँडची डावी बाजू खोटी निघाली तर उजवी बघितलीच जात नाही, म्हणून 'इफ यादी अँड यादी[०] == ५:' रिकाम्या यादीवरही कोसळत नाही; इथे नुसतं 'यादी' हाच 'यादी रिकामी नाही ना' असा पूर्ण प्रश्न आहे.

नावं होकारार्थी ठेवा. नोंदणी_झाली चांगलं, नोंदणी_नाही वाईट, कारण पुढे 'नॉट नोंदणी_नाही' वाचायची वेळ येते. फ्लॅग असलं मोघम नाव तर नकोच.

मोजणी फुकटात मिळते. बूल हा प्रकार पायथनमध्ये २००३ साली २.३ आवृत्तीत आला, त्याआधी १ आणि ० वरच भागवायचे, म्हणून आजही बूल हा पूर्णांकाचाच उपप्रकार आहे आणि ट्रू + ट्रू चं उत्तर २ येतं. हजेरीच्या यादीत ट्रू-फॉल्स असतील तर सम(हजेरी) केलं की हजर किती ते कळलं, लूप लिहायची गरज नाही.

शेवटी चालवून बघा, पण नुसतं 'हो' टाकून नाही, त्याने काहीच सिद्ध होत नाही. 'नाही' टाका, पुढे स्पेस देऊन 'हो' टाका, काहीच न लिहिता एंटर मारा, आणि आकडा विचारत असाल तर शून्य टाका. दर वेळी प्रिंट(टाइप(मान्य), मान्य) करून बघा, तिथे बूलऐवजी एसटीआर दिसलं तर मजकूर अजून बूलियन झालेला नाही, तुलनेच्या ओळीवर परत जा.