कसोटी क्रिकेटचे आकडे सांगताना या चुका टाळा

गणेशोत्सवात आमच्या सोसायटीत क्रिकेटची प्रश्नमंजूषा असते आणि प्रश्न काढायचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. एका वर्षी मी चार नावं दिली, गावसकर, वेंगसरकर, तेंडुलकर, कांबळी, आणि विचारलं, कसोटीत सर्वात जास्त सरासरी कोणाची? माझ्या कार्डावर तेंडुलकर होता, ५३.७८. दुसऱ्या रांगेतला शाळकरी पोरगा म्हणाला, "कांबळी." मी हसून उत्तर चूक दिलं आणि पुढच्या गटाकडे वळलो. रात्री घरी येऊन पाहिलं तर कांबळी ५४.२०. दुसऱ्या दिवशी आरतीनंतर माइकवर माफी मागितली आणि त्या पोराला गुण दिले.

तेव्हापासून आकडा दिसला की आधी तो कशातून आला ते बघतो. कांबळी १७ कसोटी, १०८४ धावा. तेंडुलकर २०० कसोटी, १५,९२१ धावा. सरासरी दोघांची खरी, पण त्या शेजारी ठेवून थोर कोण ते ठरवायला गेलात तर फसलात.

सरासरी म्हणजे भागिले डाव नव्हे

सर्वात जास्त दिसणारी चूक हीच, आणि ती करणारे पुष्कळदा गणितात हुशार असतात. ऑस्ट्रेलियाच्या डॉन ब्रॅडमनच्या कसोटीतल्या धावा ६९९६, डाव ८०, आणि सरासरी ९९.९४. भागाकार केला तर ८७.४५ येतात. मग ९९.९४ कुठून आले? तर दहा वेळा तो नाबाद राहिला. म्हणजे बाद झाला ७० वेळा, आणि ६९९६ भागिले ७० म्हणजे ९९.९४. सरासरी काढताना फलंदाज किती वेळा बाद झाला तेच धरायचं.

हे एकदा डोक्यात बसलं की ओव्हलचा तो प्रसिद्ध शून्यही नीट कळतो. १९४८ च्या ऑगस्टमध्ये ब्रॅडमन शेवटच्या डावाला उतरला तेव्हा त्याची सरासरी १०१.३९ होती. चार धावा करून बाद झाला असता तरी बरोबर १०० राहिली असती. एरिक हॉलिजने दुसऱ्याच चेंडूवर त्रिफळा उडवला. आता गंमत बघा: तो शून्यावर नाबाद राहिला असता तर सरासरी १०१.३९ वरच थांबली असती. "चार धावा कमी पडल्या" हे वाक्य आपण सगळेच म्हणतो, पण नडलं ते बाद होणं.

गावसकरच्या १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्याचंही असंच. मालिका पाच कसोटींची, म्हणून लोक ७७४ धावा पाच कसोटींत वाटून टाकतात. पहिली कसोटी तो खेळलाच नव्हता. चार कसोटी, आठ डाव, त्यात तीन वेळा नाबाद, म्हणून सरासरी १५४.८०.

किमान किती डाव, ते सांगा

"ब्रॅडमनपेक्षा जास्त सरासरी कोणाचीच नाही" असं छातीठोकपणे सांगू नका. वेस्ट इंडीजचा अँडी गॅन्टोम १९४८ मध्ये एकच कसोटी खेळला, एकच डाव, ११२ धावा. सरासरी ११२. ऑस्ट्रेलियाच्या कर्टिस पॅटरसनने २०१९ मध्ये दोन कसोटींत ३० आणि नाबाद ११४ केल्या, सरासरी १४४. म्हणूनच जाणकार "किमान २० डाव" अशी अट घालतात. प्रश्नात ती अट नसेल तर आलेल्या प्रत्येक उत्तरावर भांडण ठरलेलं. (कांबळीचे २१ डाव आहेत, त्यामुळे माझी सुटका त्या अटीनेही झाली नसती.)

प्रथम श्रेणी वेगळं, कसोटी वेगळं

प्रथम श्रेणी म्हणजे रणजीसारखे अनेक दिवसांचे सामने. मराठी माणूस इथे हमखास घसरतो, कारण आपल्याकडची काही सगळ्यात मोठी नावं कसोटीत नाहीतच.

भाऊसाहेब निंबाळकर. डिसेंबर १९४८, पुणे, रणजी सामना, महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, नाबाद ४४३. त्या वेळी प्रथम श्रेणीतला विक्रम ब्रॅडमनचा, नाबाद ४५२. दहा धावा काढल्या असत्या तर तो मोडला असता, पण काठियावाडने सामनाच सोडून दिला. हे ४४३ आजही "कसोटीतल्या भारतीय खेळी" म्हणून फिरताना दिसतात. निंबाळकर अधिकृत कसोटी एकही खेळले नाहीत. कसोटीत तिनशेच्या पुढे जाणारा पहिला भारतीय सेहवाग, मुलतान, २००४, ३०९ धावा.

प्रा. दि. ब. देवधर यांनाही कुणी कुणी कसोटीपटू करून टाकतं. भारताची पहिली कसोटी जून १९३२ मध्ये लॉर्ड्सवर झाली तेव्हा ते चाळिशीत होते, आणि कसोटी त्यांच्या वाट्याला आलीच नाही. पळवणकर बाळू १९११ मध्ये इंग्लंड गाजवून आले ते तर त्याच्याही एकवीस वर्षं आधी. लॉर्ड्सच्या त्या कसोटीत भारताकडून पहिला चेंडू खेळला तो मात्र मराठी माणसाने, फुलगावच्या जनार्दन नवले यांनी. हा प्रश्न मी दर दोन-तीन वर्षांनी विचारतो आणि दर वेळी तो कोरा जातो.

विजय मर्चंट यांची ७१.६४ ही सरासरी प्रथम श्रेणीतली. कसोटीत ती ४७.७२ आहे. आणि मर्चंटना हजारेंशी गुंतवू नका. ॲडलेडला १९४८ मध्ये ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत शतकं (११६ आणि १४५) ठोकणारे विजय हजारे, जन्म सांगलीचा. दोघांच्या नावाने करंडक आहेत, त्यामुळे घोळ होतो.

षटक नेहमी सहा चेंडूंचं नव्हतं

बापू नाडकर्णींची सलग २१ निर्धाव (एकही धाव न दिलेली) षटकं सगळ्यांना पाठ असतात. मद्रास, जानेवारी १९६४, समोर इंग्लंड. त्या डावातले पूर्ण आकडे ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. शेवटचा शून्य सांगायला लोक विसरतात आणि मग ऐकणाऱ्याला वाटतं बापूंनी फळी कापून काढली.

सलग निर्धाव षटकांचा विक्रम बापूंचाच. पण "सलग निर्धाव चेंडू" विचारलंत तर उत्तर बदलतं. बापूंचे १३१ चेंडू. दक्षिण आफ्रिकेच्या ह्यू टेफील्डने १९५६-५७ मध्ये दरबानला इंग्लंडविरुद्धच १३७ चेंडू धाव न देता टाकले. तिथे तेव्हा षटक आठ चेंडूंचं होतं, म्हणून षटकं कमी आणि चेंडू जास्त.

ऑस्ट्रेलियात तर आठ चेंडूंची षटकं १९७८-७९ पर्यंत चालली. चंद्रशेखरने मेलबर्नला १९७७-७८ मध्ये दोन्ही डावांत ५२ धावांत ६ बळी घेतले तो सामनाही त्यातलाच. जुन्या धावफलकावरून चेंडू मोजताना षटकांना डोळे मिटून सहाने गुणलं की गोलंदाजाचा स्ट्राइक रेट (एका बळीमागे टाकलेले चेंडू) उगाच चांगला दिसतो.

काही किरकोळ, पण नेहमीच्या

"पदार्पणात शतक" म्हणजे पहिल्याच डावात, असं नाही. विश्वनाथ कानपूरला १९६९ मध्ये पहिल्या डावात शून्यावर गेला आणि दुसऱ्यात १३७ केल्या. लाला अमरनाथ यांचं १९३३ चं शतकही दुसऱ्याच डावातलं.

"मुंबईची कसोटी" म्हटलं की वानखेडे धरू नका. १९३३ ची जिमखान्यावर झाली, नंतर ब्रेबॉर्न, आणि वानखेडेवर १९७५ पासून. सेहवागचे २९३ वानखेडेवरचे समजणारे पुष्कळ भेटतात. ते ब्रेबॉर्नवरचे, २००९.

तेंडुलकरची शंभर शतकं कसोटीतली नव्हेत. कसोटीत ५१, एकदिवसीय सामन्यांत ४९.

मंकड-रॉय यांच्या ४१३ धावांच्या सलामी भागीदारीचा विक्रम २००८ मध्ये मोडला. दक्षिण आफ्रिकेचे स्मिथ आणि मॅकेन्झी, ४१५. जुन्या पुस्तकातून प्रश्न काढलात तर हा हमखास चुकतो.

दोन ठिकाणी दोन आकडे दिसले तर

लगेच कुणाला खोटं ठरवू नका. द्रविडच्या धावा कुठे १३,२८८ दिसतील, कुठे १३,२६५. मधल्या २३ धावा ऑक्टोबर २००५ च्या सिडनी कसोटीतल्या, ऑस्ट्रेलिया विरुद्ध जागतिक एकादश. आयसीसी ती अधिकृत धरते, पण धावा भारताकडून केलेल्या नाहीत. म्हणून द्रविड एकूण १६४ कसोटी खेळला आणि भारताकडून १६३. सेहवागचंही तेच, १०४ आणि १०३.

यंदाच्या गणपतीला द्रविडच्या कसोटींचा प्रश्न घातलाय. कार्डावर दोन्ही उत्तरं लिहून ठेवली आहेत, आणि तो पोरगा आता कॉलेजात असला तरी येणार आहे.