अँबेसेडरचा गिअरबॉक्स बदलताय? मग खालची पट्टी नीट बसवा

माझी अँबेसेडर १८०० आयएसझेड आहे, म्हणजे १९९२ ला हिंदुस्तान मोटर्सने आणलेलं इसुझू इंजिनवालं मॉडेल, पाच गिअर. गाडी नवी मुंबईत ऐरोलीला खाडीच्या अंगाला उभी असते, वर्षभर खारा वारा आणि चार महिने पाऊस, त्यामुळे वरून कितीही चकचकीत ठेवली तरी खालचं लोखंड सडतंच. माझी आणि मित्रांच्या गाड्या धरून सहा गिअरबॉक्स उतरवून चढवलेत आणि दर वेळी कोणीतरी येऊन सांगतंच की गिअरबॉक्स चांगला बघून घे, क्रॉसमेंबर काय, गिअरबॉक्सच्या शेपटीला खालून आधार देणारी आडवी पट्टीच आहे, कुठेही बनवून मिळेल. हे अजिबात ऐकू नका.

गाडी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी स्टँडवर घ्या, नुसत्या जॅकवर ठेवून कोणीही खाली जायचं नाही. बॅटरी काढा, गिअरबॉक्सचं ऑइल काढा, प्रॉपेलर शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या चाकांकडे जोर नेणारा लांब दांडा, सोडायच्या आधी दोन्ही फ्लँजवर (बोल्टने जोडायच्या गोल चकत्यांवर) पंचने खुणा करा.

जुना गिअरबॉक्स कुर्ल्याला सीएसटी रोडवर शोधलात तर दुकानातच हाताने फिरवून पाचही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा, इनपुट शाफ्ट (इंजिनाच्या बाजूचा दांडा) वरखाली हलतोय का बघा, आणि तळाशी उरलेलं ऑइल बोटावर घेऊन उन्हात धरा. पिवळी बारीक चमक दिसली तर सिंक्रो रिंग, म्हणजे गिअर अलगद पडायला मदत करणारी पितळी रिंग, झिजलीय, लोखंडाचा कण लागला तर तो गिअरबॉक्स घेऊच नका. जुनी १४८९ सीसी इंजिनवाली गाडी असेल तर हा इसुझूचा गिअरबॉक्स तिला सरळ बसत नाही, गिअरबॉक्स इंजिनला जोडणारं कव्हर, बेल हाउसिंगच वेगळं आहे.

आता पट्टी. ती सोडायच्या, आणि गाडी घोड्यांवर घ्यायच्याही आधी, गाडी सपाट जागेवर चारही चाकांवर उभी असताना तीन कोन मोजा, फोनमधलं लेव्हलचं अॅप चालतं, फक्त कव्हर काढून फोन धरा. एक गिअरबॉक्सच्या मागच्या फ्लँजचा, दुसरा शाफ्टचा, तिसरा डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या अॅक्सलवरच्या गोळ्याच्या फ्लँजचा. सोबत गिअरबॉक्सच्या शेपटीपासून वरच्या फ्लोअरच्या पत्र्यापर्यंतचं अंतर घ्या, जमिनीपासून नको, टायरमधली हवा कमीजास्त असली की ते माप बदलतं. सगळं कागदावर लिहून ठेवा.

मी पहिल्या वेळी यातलं काहीच केलं नव्हतं. पट्टी सोडली तर एका टोकाला पत्र्याचे पापुद्रे हातात आले, बोल्टच्या भोवती नुसता गंज. तशीच एका फॅब्रिकेटरकडे नेली, तो म्हणाला साहेब संध्याकाळी घेऊन जा, आणि त्याने जाड चॅनलची छान मजबूत पट्टी बनवून दिली, भोकंही बरोबर जुळली. पण मूळ पट्टीला मध्ये जी खोली, म्हणजे खाली गेलेला बाक असतो, ती त्याने २० मिमी कमी ठेवली होती आणि माझ्याही ते लक्षात आलं नाही. गाडी ठाणे-बेलापूर रोडला काढली आणि साठच्या वर गेल्यावर सीटखालून घरघर सुरू झाली, आरसा इतका थरथरायचा की मागची गाडी धड दिसेना. त्यानंतर मी दोन महिन्यांत शाफ्टचे क्रॉस (दोन्ही टोकांच्या जॉइंटमधले अधिक-चिन्हासारखे तुकडे) दोनदा बदलले, शाफ्ट बॅलन्स करून आणला, आणि दोष होता पट्टीत, खोली कमी म्हणून गिअरबॉक्सची शेपटी वर उचलली गेली होती.

कारण समजून घ्या म्हणजे तुमचे पैसे वाचतील. शाफ्टच्या क्रॉसमुळे शाफ्ट एका फेरीत दोनदा वेग घेतो आणि दोनदा सोडतो, पुढच्या आणि मागच्या जॉइंटचा कोन सारखा असला की हा फरक एकमेकांत जिरतो. समजा गिअरबॉक्स मागे ३ अंश झुकलाय, शाफ्ट ५ अंश, आणि डिफरन्शियलचा फ्लँजही गिअरबॉक्सला समांतर म्हणजे ३ अंशच आहे, तर दोन्ही जॉइंटवर २-२ अंश येतात, उत्तम. गिअरबॉक्सची शेपटी वर उचलली की पुढचा कोन मागच्यापेक्षा जास्त वाढतो आणि तो न जिरलेला फरक थेट बॉडीत येतो. दोन जॉइंटमधला फरक १ अंशाच्या आत हवा, आणि प्रत्येक जॉइंट ३ अंशांच्या आत ठेवा.

म्हणून नवी पट्टी बनवताना जुनी कितीही सडलेली असो, फेकू नका, तिच्यावरून पुठ्ठ्याचा साचा कापा आणि मधली खोली स्केलने मोजून फॅब्रिकेटरला लिहून द्या. पत्रा जुन्यापेक्षा पातळ नको. भोक जुळत नसेल तर पट्टीचं भोक लांबट करा, बॉडीला हात लावायचा नाही. थोडी उंची वाढवायची असेल तर रबर आणि पट्टीच्या मध्ये अख्खी लोखंडी प्लेट घाला, वायसरची चवड कधीच नको. फाउंडेशनचं, म्हणजे गिअरबॉक्स ज्यावर टेकतो ते रबर नवंच टाका, पण जुनं रबर दबलेलं असतं त्यामुळे उंची थोडी वेगळी येणार, तिथे शेवटचा शब्द कोनाचा.

गिअरबॉक्स चढवताना इंजिनच्या सम्पखाली (तळाच्या ऑइलच्या पातेल्याखाली) लाकूड ठेवून जॅक लावा. क्लच प्लेट मध्यावर आणायला भंगारातल्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट वापरा. गिअरमध्ये टाकून मागचा फ्लँज हलकेच फिरवत पुढे सरकवा, बेल हाउसिंग हाताने टेकलं पाहिजे, बोल्टने ओढून आणाल तर क्लच प्लेट वाकेल. वजन क्लच प्लेटवर लटकत ठेवून चहाला जाऊ नका.

मग पट्टीचे चारही बोल्ट नुसते बोटांनी लावा, गाडी चाकांवर उतरवा, इंजिन दोन मिनिटं चालू ठेवा म्हणजे रबर पीळ न पडता बसतं, कोन परत मोजा, आणि मगच आवळा. ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलंय तेच, जीएल-५ ग्रेडचं गिअर ऑइल टाकू नका, पितळी सिंक्रोला ते चालत नाही.

पाम बीच रोडवर एक चक्कर मारा, साठच्या आसपास आरशाकडे बघा. १०० किलोमीटर झाले की परत खाली जाऊन पट्टीचे बोल्ट तपासा, माझे दर वेळी पाव फेरा तरी फिरतात.