गेमिंगचा हेडसेट आणि माऊसपॅड घरच्या घरी कसा पारखावा

हेडसेटच्या खोक्यावर ७.१ सराउंड (चहूबाजूंनी आवाज आल्याचा भास), ५० मिमी ड्रायव्हर (कपातला आवाज काढणारा भाग) आणि रंगीत दिवे ठळक छापलेले असतात. शत्रू जिन्याच्या वर आहे की खाली, हे त्यातलं काहीच सांगत नाही. ४० मिमीचा नीट जुळवलेला ड्रायव्हर ५० मिमीच्या ढोबळ ड्रायव्हरपेक्षा पावलं जास्त स्पष्ट ऐकवतो. माऊसपॅडचंही तसंच. ‘स्पीड’ आणि ‘कंट्रोल’ हे शब्द प्रत्येक कंपनी आपापल्या अर्थाने वापरते. म्हणून माल घरी आला की परतीची मुदत बघा, खोकं आणि पिशव्या जपून ठेवा आणि पुढच्या चाचण्या त्या मुदतीत उरका. त्यासाठी मोजपट्टी, स्वयंपाकघरातला वजनकाटा, एक जुनी सीडी, परीक्षेचा कडक रायटिंग पॅड, कागद-पेन आणि सोबत खेळणारा एक मित्र एवढं पुरे.

आधी डोक्यावर बसतो का ते बघा

आवाज ऐकण्याआधी हेडसेट काट्यावर ठेवा. २५० ते ३०० ग्रॅम चांगलं. ३५० च्या वर गेला की तीन-चार तासांत मान आणि टाळू बोलायला लागतात. मग स्वतःच्या कानाची उंची मोजा आणि कुशनच्या आतल्या छिद्राची. छिद्र कानापेक्षा सगळ्या बाजूंनी थोडं मोठं हवं. छिद्राची खोलीही बघा. कानाची कड आतल्या जाळीला टेकत असेल तर पहिली वीस मिनिटं काही कळत नाही, नंतर ठणकतं. त्यामुळे दुकानात दोन मिनिटं घालून काहीच ठरत नाही. घरी सलग दोन तास घाला.

चष्मा असेल तर चष्म्यासकटच तपासा. दांडीमुळे कुशन आणि गाल यांत फट राहते आणि तिथून बास निसटतो. ६० हर्ट्झचा सूर हळू आवाजात लावा आणि दोन्ही कप हातांनी हलके दाबा. दाबल्यावर सूर एकदम भरदार झाला, तर फट आहे. अशा वेळी मऊ कापडी कुशन रेक्झिनच्या कुशनपेक्षा बरं जुळवून घेतं. कोकणात, मुंबईत किंवा गोव्यात राहत असाल तर रेक्झिन तसंही घाम आणि दमट हवेने पापुद्रे सोडायला लागतं. म्हणून घेण्याआधीच त्या मॉडेलची कुशन सुटी मिळतात का, हे पाहून ठेवा. ज्याची मिळत नाहीत तो आम्ही सुचवणार नाही.

ड्रायव्हर धडधाकट आहेत का

२० हर्ट्झपासून वर चढत जाणारा सूर लावा, आवाज कमीच ठेवा. ३० ते १०० हर्ट्झच्या टप्प्यात खरखर किंवा फरफर ऐकू आली तर पडदा किंवा कपाचा एखादा भाग सैल आहे. कधीकधी आत अडकलेला एखादा केसही हाच आवाज करतो, म्हणून आधी जाळी तपासा.

मग एकाच व्यक्तीचं मोनो, म्हणजे दोन्ही कानांना सारखंच येणारं, बोलणं ऐका. ते बरोबर डोक्याच्या मधोमध ऐकू यायला हवं. एका बाजूला झुकत असेल तर हेडसेट उलटा घाला, डावा कप उजव्या कानावर. झुकाव आता दुसऱ्या कानाकडे गेला तर दोष हेडसेटचा किंवा संगणकाचा. त्याच कानाकडे राहिला तर तुमच्या दोन कानांतला फरक आहे. हेडसेटचा की संगणकाचा, हे तोच हेडसेट फोनला लावला की कळतं. बऱ्याचदा विंडोजमधला डाव्या-उजव्याचा बॅलन्सच हललेला असतो.

पावलांची चाचणी

ही सगळ्यांत महत्त्वाची चाचणी. तिला अर्धा तास द्या.

मित्राबरोबर कस्टम मॅच (फक्त तुमच्यापुरता खासगी सामना) उघडा. मोकळ्या जागी उभे राहा आणि खेळातला चेहरा एका ठरावीक भिंतीकडे ठेवा. तीच तुमची घड्याळातली १२ ची दिशा. डोळे मिटा. मित्राने दर वेळी वेगळ्या जागेवरून चार पावलं चालायची आणि थांबायचं. तुम्ही बोलायचं, ‘तीन’, ‘सात’, ‘अकरा’. त्याने खरी दिशा आणि तुमचं उत्तर शेजारी-शेजारी लिहायचं. अशा २० फेऱ्या साध्या स्टीरिओवर करा, २० हेडसेटचं ७.१ चालू करून, आणि २० खेळातलंच त्रिमितीय आवाजाचं सेटिंग लावून. व्हॅलोरंट या नेमबाजीच्या खेळात त्याला एचआरटीएफ म्हणतात.

डावं-उजवं फारसं चुकणार नाही. बाजूचा आवाज एका कानाला दुसऱ्यापेक्षा सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या सहा-सात पट आधी पोहोचतो आणि मेंदूला तेवढं पुरतं. चुकतं ते पुढचं-मागचं, कारण १२ आणि ६ या दोन्ही दिशांचा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी, सारख्याच जोराने मिळतो. तिथे मेंदू कानाच्या पाळीने बदललेल्या बारीक उंच सुरांवर विसंबतो. ते सूर हेडसेटने गिळले किंवा बासखाली दाबले, तर कितीही ‘सराउंड’ लावा, मागचा माणूस पुढेच वाटतो. म्हणून कागदावर १२ च्या जागी ६ आणि ६ च्या जागी १२ किती वेळा झालं ते वेगळं मोजा. ज्या सेटिंगवर हा आकडा सर्वांत कमी, ते ठेवा.

एक चूक फार जण करतात. खेळातलं एचआरटीएफ चालू, हेडसेटचं ७.१ चालू आणि वर विंडोज सॉनिक, म्हणजे विंडोजचं स्वतःचं त्रिमितीय आवाजाचं सेटिंगही चालू. एकदा दिशा दिलेल्या आवाजावर पुन्हा दिशेचा संस्कार झाला की सगळं घुमल्यासारखं, विहिरीतून आल्यासारखं ऐकू येतं. तिन्हींपैकी एकच चालू ठेवा.

पावलं स्फोटांखाली बुडत असतील तर आवाज वाढवू नका. इक्वलायझरमध्ये (जाड-बारीक सुरांचा आवाज वेगवेगळा कमी-जास्त करायचं सेटिंग) १५० हर्ट्झच्या खालचा भाग तीन-चार डेसिबलने उतरवा आणि परत ऐका. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली मर्यादा आठवड्याला ४० तास आणि ८० डेसिबल अशी आहे. रोज रात्री खेळणाऱ्याने ती गांभीर्याने घ्यावी. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

माइक पंख्याखाली तपासा

जाहिरातीतली खोली शांत असते, आपल्या डोक्यावर पंखा फिरतो. डिस्कॉर्ड या खेळताना बोलायच्या अ‍ॅपमधली आवाजसफाई आधी बंद करा, पंखा नेहमीच्या वेगावर ठेवा, कीबोर्डवर टाइप करत अर्धा मिनिट रेकॉर्ड करा. बोलायला दोन वाक्यं घ्या: ‘पप्पूच्या पाठीमागे फटाके फुटले’ आणि ‘शशीने शेजारी साखर सांडली’. पहिल्यात प-फ ला धप्प असा फुगा आला तर माइक श्वासाच्या वाटेत आहे. तो ओठांसमोर नको. ओठांच्या कोपऱ्यापासून दोन बोटं दूर आणि किंचित खाली ठेवा, फोमची टोपी घाला. दुसऱ्यात स-श टोचत असतील तर माइकच कर्कश आहे, जागा बदलून फारसा फरक पडत नाही.

आता सफाई चालू करून तेच पुन्हा करा. पंखा गेला पण शब्दांची शेवटची अक्षरंही गेली, तर मूळ माइकमध्ये गोंगाट फार आहे. आवाज बारीक येतोय म्हणून विंडोजमधलं माइकचं बूस्ट (आवाज वाढवायचं सेटिंग) शेवटपर्यंत चढवावं लागत असेल, तर सोबत सळसळही तेवढीच चढते.

घूं असा सततचा आवाज असेल आणि लॅपटॉपचा चार्जर काढताच थांबत असेल, तर हेडसेट निर्दोष आहे. गडबड घरातल्या अर्थिंगची किंवा दोन पिनांच्या चार्जरची आहे. अर्थिंग नीट असलेल्या सॉकेटवर तपासून बघा, नाहीतर यूएसबी हेडसेट घ्या. त्याचं आवाजाचं सर्किट वेगळं असल्याने ही घूं बहुधा मिटते.

जोडणीचं थोडक्यात सांगायचं तर, पिनेवर तीन काळ्या पट्ट्या असतील तर माइक आणि आवाज एकाच पिनेत आहेत. डेस्कटॉपला हिरवं आणि गुलाबी अशी दोन भोकं असतात, तिथे दोन शेपट्यांची स्प्लिटर वायर लागते. ती नसल्याने माइक चालत नाही आणि चांगला हेडसेट उगाच परत जातो. वायरलेस घ्यायचा तर स्वतःचा डोंगल (यूएसबीत लावायचा छोटा रिसीव्हर) असलेला घ्या. ब्लूटूथवर उशीर जाणवतो, शिवाय बहुतेक जोडण्यांवर माइक चालू होताच आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो. डोंगल यूएसबी ३ च्या भोकात, धातूच्या कॅबिनेटमागे लावला तर आवाज तुटू शकतो. छोटी एक्स्टेन्शन वायर लावून तो टेबलावर आणा.

पॅड केवढा हवा ते आधी मोजा

खेळाच्या सराव-मैदानात भिंतीवरच्या एका खुणेवर नेम ठेवा, माऊसशेजारी पट्टी ठेवा आणि एक पूर्ण गिरकी घेऊन त्याच खुणेवर परत या. माऊस सरकला तेवढे सेंटिमीटर लिहा. काउंटर-स्ट्राइक २ मध्ये ८०० डीपीआय (माऊस इंचभर सरकला की मोजले जाणारे ठिपके) आणि सेन्सिटिव्हिटी (खेळात नेम किती वळतो तो आकडा) १ असेल तर हे अंतर सुमारे ५२ सेंमी येतं. व्हॅलोरंटमध्ये ८०० आणि ०.३ ला सुमारे ५४. म्हणजे पाठीमागे वळायला २६-२७ सेंमी मोकळी जागा हवी. ४५ सेंमी रुंद पॅडच्या मधोमध माऊस असेल तर कडेपर्यंत जेमतेम १९-२० सेंमी मिळतात. उरलेल्यासाठी माऊस उचलावा लागतो, आणि मार बसतो तो तेव्हाच.

म्हणून लोक ९० सेंमीचा घेतात. पण त्यावर नंबरपॅडवाला ४४ सेंमीचा कीबोर्ड ठेवला की उरतात ४६, म्हणजे पुन्हा तिथेच. नंबरपॅड नसलेला कीबोर्ड साधारण ३६ चा असतो, मग ५४ उरतात. उंचीकडेही बघा. बाजारात ३० सेंमी उंचीचे पॅड खूप आहेत, पण सेन्सिटिव्हिटी कमी असेल तर ४० घ्या.

घसरणीची चाचणी

परीक्षेला नेतात तो कडक रायटिंग पॅड माऊसपॅडच्या एका टोकाखाली सरकवा. वर माऊस ठेवा, वायर असेल तर सैल धरा. आता रायटिंग पॅडची लांबची कड अगदी सावकाश उचला. माऊस पहिल्यांदा सुटतो त्या क्षणी थांबा आणि कडेची उंची मोजा. तीनदा करून सरासरी काढा. समजा एका पॅडवर ६ सेंमी आली आणि दुसऱ्यावर ९, तर दुसऱ्यावर माऊस जागचा हलवायला जास्त जोर लागतो. असा पॅड थांबायला चांगला, पण स्नायपर घेऊन केसभर नेम सरकवताना माऊस आधी चिकटतो आणि मग उडी मारतो.

हीच चाचणी माऊस आणि पॅड दोन्ही काटकोनात फिरवून करा. दोन उंचींत एक सेंमीहून जास्त फरक आला तर विणीला दिशा आहे. तिरपा नेम मग वाकडा जातो. आलेले आकडे, तारीख आणि महिना पॅडच्या खालच्या रबरावर मार्करने लिहून ठेवा. महिना अशासाठी की कापडी पॅड पावसाळ्यात दमटपणा पितो आणि जुलैत मे पेक्षा जड चालतो.

सेन्सरसाठी विंडोजमधलं एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन (माऊसच्या वेगानुसार कर्सर कमी-जास्त पळवणारं सेटिंग) बंद करून पेंटमध्ये सावकाश तिरप्या रेषा ओढा. दाते पडू नयेत. मग १.२ मिमी जाडीची सीडी माऊसखाली अशी ठेवा की सेन्सर तिच्या मधल्या भोकावर येईल, आणि दोन्ही एकत्र धरून सरकवा. कर्सर हलला तर माऊस उचलल्यावरही नेम सरकणार. रंगीबेरंगी चित्राच्या पॅडवर गडद आणि फिकट दोन्ही भागांवर हे बघा.

काठाची शिवण मनगटाला टोचते का, बोटाने तपासा. कडक प्लास्टिकचा किंवा काचेचा पॅड घेतला असेल तर माइकचं रेकॉर्डिंग पुन्हा करा, कारण माऊसची खरखर थेट माइकमध्ये जाते आणि तुमच्या टीमला ऐकू येते. अशा पॅडवर माऊसच्या पायांच्या पट्ट्याही लवकर झिजतात.

गुंडाळी होऊन आलेल्या पॅडला इस्त्री करू नका. उलट्या बाजूने गुंडाळून तासभर ठेवा. मळला की कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन-तीन थेंब घालून मऊ स्पंजने पुसा, साबण पूर्ण निघेपर्यंत धुवा, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा, पिळू नका. सावलीत सपाट पसरून पूर्ण दिवस वाळवा. उन्हात रबर तडकतं. वाळल्यावर घसरणीची चाचणी पुन्हा घ्या. उंची रबरावर लिहिलेल्या आकड्याजवळ आली तर पॅड चालू ठेवा. धुऊनही दीड-दोन सेंमीचा फरक राहिला तर वीण झिजली आहे, नवा घ्या.