जुन्या छताखालच्या बाजारात आधी रिकाम्या हाताने फिरा

शहराच्या मध्यातल्या जुन्या, छताखाली भरणाऱ्या खाद्यबाजारात शिरलं की पहिल्याच गाळ्यावर पिशवी भरते. मग दोन गल्ल्या आत तोच माल स्वस्त दिसतो. माझं असं दोनदा झालंय.

१. आधी एक पूर्ण फेरी मारा, काहीही न घेता. दारालगतचे गाळे बहुधा पाहुण्यांसाठी सजवलेले असतात. रोजचे गिऱ्हाईक पिशव्या घेऊन कुठे थांबतात ते बघा.
२. आवडलेल्या गाळ्याच्या नंबराच्या पाटीचा फोटो काढा. आतल्या गल्ल्या सारख्याच दिसतात आणि लोखंडी छताखाली फोनवरचा नकाशा भरकटतो.
३. जड वस्तू आधी घ्या, पिशवीच्या तळाशी जातात. मऊ फळं नंतर, मासे-मांस अगदी शेवटी.

सकाळी लवकर गेलात तर विक्रेता दोन शब्द बोलतो, गर्दीत नाही.

एक मात्र सांभाळा: पाटीवरचा मोठा आकडा किलोचा की १०० ग्रॅमचा, हे वजन करण्याआधीच विचारा. ‘१०० ग्रॅम’ कोपऱ्यात, बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.